घरचा वाय-फाय राऊटर केव्हा बदलावा?



ऊस नोंदीसाठी वस्तीवर गेलो की हल्ली लागवड आणि खत यांच्या बरोबरीने एक प्रश्न आम्हांला हमखास ऐकू येतो : "साहेब, वाय-फाय चालंना, नवा डबा घ्यावा का?" विषय वास्तविक आमच्या खात्याचा नव्हे. परंतु उसाच्या बिलातले दोन-अडीच हजार घालून आणलेला नवा राऊटर महिनाभरात जुन्यासारखाच रडतो, आणि जो खरोखर बदलायला हवा तो दुसऱ्या घरी वर्षानुवर्षे भिंतीला लटकलेला असतो, हे आम्ही पाहतो. सबब थोडे लिहीत आहोत.

खोडव्याचा उतारा घटला म्हणून आपण लगेच नांगर घालत नाही. नांग्या किती पडल्या, पाणी शेवटपर्यंत पोचते का, हे आधी पाहतो. येथेही प्रथम पाहावे, की दोष लाइनीचा आहे की राऊटरचा. लॅपटॉप असल्यास तो तारेने राऊटरला जोडून वेग मोजावा. तारेवरही वेग कमीच आला तर आधी कंपनीकडे तक्रार करावी. बहुधा दोष लाइनीत असतो, आणि मग नवा राऊटर आणून पैसे पाण्यात जातील. तारेवर ठीक, पण राऊटरपासून सात-आठ फुटांवर बसूनही मोबाईलवर निम्मासुद्धा वेग येत नसेल, तर राऊटरवर संशय घ्यावा. जवळ ठीक आणि आतल्या खोलीत बंद, असे असेल तर दोष जागेचा.

आमच्या अनुभवात सर्वांत जास्त तक्रारी या जागेच्याच. एका सभासदांचा जुना दगडी वाडा, भिंत दोन फुटांची. राऊटर माजघरात लोखंडी कपाटामागे आणि मुलगी अभ्यासाला माडीवर! त्यांनी नवा राऊटर आणायचे ठरवलेच होते. आम्ही तो फक्त जिन्याच्या तोंडाशी उंचावर टांगायला सांगितला. खर्च काय, तर दहा मीटर तार. दगड, लोखंडी पत्रा, पाण्याची टाकी यांतून लहरी नीट जात नाहीत. त्यातही ५ गिगाहर्ट्झची लहर वेगवान, पण भिंतीपुढे लवकर थकते, २.४ गिगाहर्ट्झची हळू, पण लांब पोचते. माडीवर मोबाईल कोणत्या लहरीवर आहे, हे बघून घ्यावे. गोठ्यापर्यंत वाय-फाय हवे असेल तर मधे रिपीटर लावण्यापेक्षा तार ओढून तिकडे दुसरा राऊटर बसवणे चांगले, कारण साधा रिपीटर एकाच लहरीवर घेतो आणि त्याच लहरीवर देतो, त्यात वेग जवळजवळ निम्मा होतो. तांब्याची तार १०० मीटरपर्यंत चालते. मात्र उघड्यावरून नेल्यास विजेची धास्ती, तेथे फायबरच बरी.

आता बदलायचा केव्हा? लाइन २०० मेगाबिटची घेतली आणि राऊटरची तारेची भोके १०० चीच असतील, तर वरचे १०० तुम्हांला कधीच मिळणार नाहीत. नुसत्या २.४ वर चालणारा जुना राऊटर आणि घरात दहा-बारा मोबाईल, टीव्ही, कॅमेरे, हेही कारण पुरेसे आहे. लाइन ४० ची असेल आणि माणसे चार, तर जुनाच चालू द्यावा.

एक कारण मात्र वेगाशी संबंधित नाही, आणि आमच्या मते तेच मोठे. कंपनीने त्या राऊटरला सुरक्षेच्या सुधारणा पाठवणे बंद केले असेल, किंवा सेटिंगमध्ये डब्ल्यूपीए-२ किंवा डब्ल्यूपीए-३ हा पर्यायच नसेल, तर तो कितीही छान चालो, काढून टाकावा. गवताळ वाढीचा रोग दिसला की त्या उसाचा खोडवा ठेवूच नये, असे आम्ही सांगतो, त्यातलाच हा प्रकार. ज्या मोबाईलवर उसाच्या बिलाचे बँक खाते उघडते, तो याच राऊटरवर चालतो.

दुकानदार वाय-फाय ७ दाखवील. त्याची प्रमाणपत्रे जानेवारी २०२४ पासून निघाली. पण घरातले मोबाईल जुने असतील तर त्याचा फायदा घेणार कोण? २०१९ पासून आलेले वाय-फाय ६ सध्या आपल्या घरांना भरपूर झाले. आणि हो, पुष्कळ घरी राऊटर लाइनवाल्या कंपनीचाच असतो. खिशात हात घालण्याआधी बदलून मिळतो का, ते विचारावे.

जुना भंगारात देण्यापूर्वी तो चालू ठेवून मागचे रीसेटचे बारीक बटण टाचणीने दहा-पंधरा सेकंद दाबून धरावे, म्हणजे आतले पासवर्ड पुसले जातात.