अडेनियमची लागवड व निगा

अंबरनाथ-बदलापूर पट्ट्यात जून ते सप्टेंबर मुसळधार पाऊस पडतो. बुवापाडा येथे ज्यांच्याजवळ केवळ ओटा किंवा गच्ची आहे, त्यांनाही कुंडीत अडेनियम लावता येते. उन्हाळ्याच्या प्रखर उन्हात ते उत्तम फुलते. मात्र पावसाची झड लागली की कुजते. म्हणून पाण्याचे नियमन हीच त्याची मुख्य निगा होय.

ओळख : हे झाड कण्हेर व चाफा यांच्या कुळातील असून मूळचे आफ्रिका व अरबस्तानातील कोरड्या मुलखातले आहे. एडन बंदरावरून त्यास हे नाव मिळाले. फुगीर बुंध्यात व मुळांत पाणी साठत असल्याने ते पाण्याचा ताण सोसते; मुळाशी तुंबलेले पाणी सोसत नाही.

रोपे : बियांच्या रोपाचाच बुंधा चांगला फुगतो, फांदी लावल्यास तो बेताचाच होतो. शेंग उकलताच बी वाऱ्याने उडते. म्हणून तिला आधीच दोरा गुंडाळावा. ताजे बी उष्ण दिवसांत ओलसर वाळूत पेरावे. साधारणतः आठवड्यात ते उगवते.

कुंडी : दोन भाग जाड वाळू किंवा विटांचे बारीक तुकडे, एक भाग माती व एक भाग कुजलेले शेणखत घ्यावे. कुंडी पसरट व तळाशी भोके असलेली असावी. कुंडी उन्हाळ्याच्या आरंभी बदलावी. मुळे छाटल्यास झाड तीन-चार दिवस सावलीत सुकवून मगच लावावे.

पाणी : उन्हाळ्यात माती वाळल्यावर भरपूर पाणी द्यावे, थंडीत पाने गळाल्यावर अगदी थोडे. पावसाळ्यापूर्वी कुंड्या छपराखाली, उजेडात हलवाव्यात.

कुज ओळखणे : तहानलेला बुंधा सर्व बाजूंनी सारखा मऊ होतो व पाणी मिळताच घट्ट होतो. कुजलेला बुंधा एकाच जागी मऊ व काळा पडतो. तेथे पाणी देणे म्हणजे झाड गमावणे होय. कुजका भाग निरोगी गाभा दिसेपर्यंत स्वच्छ सुरीने काढावा, ताम्रयुक्त बुरशीनाशक लावावे व जखम पूर्ण सुकू द्यावी.

सावधगिरी : झाडाचा चीक विषारी असून हृदयास घातक आहे, आफ्रिकेत तो बाणांना लावीत. छाटणीनंतर हात धुवावेत. कुंड्या मुले व शेळ्या यांच्यापासून दूर ठेवाव्यात.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी तहान व कुज यांतील फरक पावसाळ्यापूर्वी प्रत्यक्ष बुंधा दाबून दाखवावा.