आधी कातडी, मग हाडं

फर्स्ट इयरला कार्पेंट्री शॉपमध्ये मॉर्टिस अँड टेनन जॉइंट आपण सगळ्यांनीच घासलाय. एका तुकड्यात खाच, दुसऱ्याला जीभ, आणि दोन्ही नीट बसेपर्यंत सरांची बोलणी! सबमिशन झालं की तो जॉब हॉस्टेलच्या रूमवर दाराला अडसर म्हणून पडून राहतो. पण याच जॉइंटवर पूर्व भूमध्य समुद्रातली जहाजं जवळजवळ दोन हजार वर्षं तरंगली. म्हणजे ग्रीस, तुर्कस्तान, सायप्रस, सीरिया आणि लेबनॉन यांच्या किनाऱ्यांमधला तो निळा कोपरा.

आता तुम्हाला कोणी लाकडी होडी बांधायला सांगितली तर काय कराल? आधी तळाचा कणा म्हणजे कील ठेवाल, त्यावर फासळ्या उभ्या कराल आणि मग बाहेरून फळ्या ठोकाल. बिल्डिंगला आधी आर.सी.सी. फ्रेम, नंतर भिंती, तसंच. त्या काळचे लोक बरोबर उलटं करायचे. कील ठेवली की तिला एकेक फळी जोडत वर जायचं, कडेला कड लावून. दर थोड्या अंतरावर दोन्ही फळ्यांच्या कडांत समोरासमोर खाचा, त्यात लाकडाची चपटी जीभ, आणि ती निसटू नये म्हणून आरपार लाकडी खुंटी. अशी अख्खी कातडी तयार झाली की मग आतून फासळ्या बसवायच्या. ऑटोमोबाइलवाल्यांना चटकन कळेल, हे मोनोकॉक आहे. लोड फ्रेमवर नाही, शेलवर.

याचे पुरावे समुद्राच्या तळाशी सापडले. 1982 मध्ये तुर्कस्तानच्या काश गावाजवळ उलुबुरून इथे एका स्पंज काढणाऱ्या पाणबुड्याला तळाशी ‘कान असलेली धातूची बिस्किटं’ दिसली. ती होती तांब्याच्या पाटांची रास, साधारण दहा टन! जहाज इसवी सनापूर्वी 14व्या शतकाच्या शेवटचं. फळ्या लेबनॉनच्या सीडारच्या (आपल्या हिमालयातल्या देवदाराचा सख्खा चुलतभाऊ), आणि आतल्या जिभा ओकच्या. बाहेर हलकं लाकूड आणि जॉइंटमध्ये टणक. मटेरियल सिलेक्शनचा पेपर त्यांनी न शिकता सोडवला होता असं म्हणायला हरकत नाही.

पण माझं आवडतं जहाज दुसरं आहे. सायप्रसच्या किरेनिया बंदराजवळ 1965 मध्ये आंद्रेआस कारिओलू या पाणबुड्याला मातीच्या बरण्यांचा ढीग दिसला. 1968 आणि 1969 मध्ये मायकेल कात्झेव्ह यांच्या टीमने तिथे खोदकाम केलं. जेमतेम 14 मीटर लांबीचं साधं मालवाहू जहाज, माल सुमारे 400 बरण्या, जात्याचे दगड आणि हजारो बदाम. ते कधी बुडालं यावर बरीच वर्षं चर्चा चालू होती. 2024 मध्ये प्रसिद्ध झालेल्या कार्बन डेटिंगच्या अभ्यासात तारीख इसवी सनापूर्वी 296 ते 271 यांच्या दरम्यान आली. यातली गंमत म्हणजे लाकूड टिकावं म्हणून त्यात जे रसायन भरलं होतं, तेच डेटिंगच्या आड येत होतं!

या जहाजाचे तुकडे जोडून पुन्हा उभं कोणी केलं? रिचर्ड स्टेफी यांनी. हे गृहस्थ मुळात अमेरिकेतले इलेक्ट्रिशियन. जहाजांची मॉडेल्स बनवायचा छंद होता, त्यापायी घरचा धंदा सोडून ते तुटक्या फळ्यांच्या मागे लागले. इलेक्ट्रिकलवाल्यांनी कॉलर ताठ करायला हरकत नाही. कुठल्या खाचेसमोर कुठली खाच येते, खुंटीचं भोक कुठल्या कोनात आहे, यावरून त्यांनी जहाजाचा आकार परत काढला. इथे साधारण दर 12 सेंटिमीटरला एक जॉइंट आहे. पूर्ण जहाजात किती खाचा होतील आणि त्या हाताने छिन्नी मारून किती दिवसांत होतील, विचार करा. आपण एका खाचेत रडलो होतो.

आणि इथेच प्रश्न सुरू होतो. एवढी मेहनत पुढे परवडेना. तुर्कस्तानच्याच यास्सी अदा बेटाजवळ सापडलेल्या 7व्या शतकातल्या जहाजात जिभा आहेत, पण खुंट्या नाहीत. दोन जिभांमधलं अंतरही काही ठिकाणी 90 सेंटिमीटरपर्यंत गेलंय. म्हणजे जॉइंट आता ताकदीसाठी उरला नाही, फळी जागेवर राहावी एवढ्यापुरताच. पुढे सर्चे लिमाना इथलं साधारण 1025 सालचं, काचेचा माल घेऊन बुडालेलं जहाज बघा. त्यात फळ्यांच्या कडांत एकही जीभ नाही. आधी काही फासळ्या उभ्या, मग फळ्या. हाडं आधी, कातडी नंतर. हा बदल एका रात्रीत किंवा सगळीकडे एकदम झाला असं मात्र समजू नका. इस्राएलच्या किनाऱ्यावर तंतुरा इथे 5व्या-6व्या शतकाच्या सुमाराचं एक जहाज बिनाजिभेचंच निघालं.

फायदा उघड आहे. लाकूड कमी वाया जातं, काम लवकर होतं, आणि प्रत्येक फळी बसवायला उस्ताद लागत नाही. पण एक गोची झाली. फळ्या आधी लावायच्या तेव्हा आकार हळूहळू नजरेसमोर तयार व्हायचा, कारागीर बघून ठरवायचा. आता फासळी आधी कापायची म्हणजे जहाजाचा आकार जहाजाच्या आधीच माहीत हवा. आणि ड्रॉइंग तर नाही!

यावर तिथल्या कारागिरांनी जो तोडगा काढला तो मला खरंच भारी वाटतो. ग्रीसमध्ये त्याला ‘मोनोख्नारो’ म्हणतात. मोनो म्हणजे एक, ख्नारी म्हणजे पाऊलखूण किंवा साचा. मधल्या सर्वात रुंद फासळीचा एकच लाकडी साचा करायचा. पुढच्या फासळीसाठी तोच साचा थोडा आत सरकवायचा आणि थोडा वर उचलायचा. तिच्या पुढच्यासाठी अजून थोडा. किती, ते साच्यावर खुणांनी कोरलेलं. टोकाकडच्या फासळ्यांना हा साचा चालत नाही. तिथे उभ्या झालेल्या फासळ्यांवरून लवचिक पट्ट्या वाकवून आकार घ्यायचा.

पण त्या खुणा कशा काढायच्या? समान अंतरावर काढल्या तर होडी सुळसुळीत न होता खोक्यासारखी होईल. व्हेनिसच्या 15व्या शतकातल्या हस्तलिखितांत एक युक्ती आहे, अर्धचंद्राची. जेवढं एकूण उचलायचंय तेवढ्या त्रिज्येचं अर्धवर्तुळ काढा, कंसाचे समान भाग करा, समोरासमोरचे बिंदू जोडा. या रेषा वर दाट आणि खाली विरळ पडतात. तीच तुमची मोजपट्टी. समजा एकूण 24 सेंटिमीटर उचलायचंय, सहा फासळ्यांत. मग खुणा येतात 0.8, 3.2, 7, 12, 17.8 आणि 24 वर. कॅल्क्युलेटर काढून बघा, हे सरळ R(1 − cos θ) आहे, θ दर वेळी 15 अंशांनी वाढवत. मध्यावर आकार जवळजवळ बदलत नाही, टोकाकडे भराभर बदलतो. होडीला नेमकं हेच हवं असतं. ज्याला ‘कॉस’ हा शब्द माहीत नाही तो माणूस कर्कटकाने कोसाइन कर्व्ह काढतोय!

अशा साच्यांवर एजियन समुद्रातल्या होड्या अगदी आपल्या काळापर्यंत बांधल्या गेल्या. त्यांतली सगळ्यात ओळखीची त्रेखांदिरी. दोन्ही टोकं निमुळती, लांबी रुंदीच्या साधारण तिप्पट. तुर्कस्तानात बोद्रुमला हीच ‘तिरहांदिल’ होते. होड्यांना बॉर्डर कळत नाही, नावाचा उच्चार तेवढा बदलतो. लाकूड बहुतेक पाइनचं, आणि सामोस बेटावरच्या राळदार पाइनला खास मान, कारण ते पाण्यात लवकर कुजत नाही.

आता वाईट बातमी. समुद्रातले मासे संपत चालले म्हणून युरोपियन युनियनने 1990 च्या दशकापासून मच्छीमारांना लायसन परत करण्यासाठी पैसे दिले. मासे वाचवायचा हेतू चुकीचा नाही. पण पैसे हवेत तर होडी मोडायची, अशी अट आली. एकट्या ग्रीसमध्ये दहा हजारांहून जास्त होड्या अशा गेल्या, कित्येक सरळ बुलडोझरखाली. शेजारच्या बोद्रुममध्ये टुरिस्टांच्या ‘गुलेत’ बोटींमुळे लाकडाचं काम थोडंफार चालू राहिलं. पण ती बोट डेकवर खुर्च्या आणि खाली एसी केबिन मावण्यासाठी फुगवलेली असते.

होडी मोडली की लाकूड जातं हे ठीक आहे. पण इथे होडी हेच ड्रॉइंग होतं. बॅकअप नाही, ट्रेसिंग नाही. म्हणून कोस्तास दामियानिदिस यांच्यासारखे अभ्यासक यार्डायार्डांत जाऊन होड्या मोजून त्यांची रेखाचित्रं करत बसले. त्यांचा यावरचा प्रबंध 1989 चा आहे. सामोसवर तर आता होडीबांधणीचं म्युझियमच उभारलंय. पण फासळी कापताना साचा नेमका किती दाबून धरायचा आणि खुणेच्या आत कापायचं की बाहेर, हे म्हाताऱ्या कारागिराच्या शेजारी उभं राहूनच विचारावं लागतं. आणि असे कारागीर आता थोडेच उरलेत.