रात्रीचे दुखणे, दिवसाची थकबाकी

जळगाव,
वैशाख शुद्ध पंचमी

चि. सौ. बेबी हिस,


तुझे पत्र पोहोचले. सातवा महिना लागल्यापासून रात्री ज्या कुशीवर पडावे त्या बाजूचा खुबा ठणकू लागतो, दुसरीकडे वळू म्हटले तर जांघेत आणि पुढच्या हाडाच्या सांध्यात अशी कळ उठते की श्वास अडकतो, आणि पहाटे लघवीला उठायचे तर पलंगाची कड धरून क्षणभर उभे राहिल्यावाचून पहिले पाऊल टाकवत नाही, असे तू लिहिलेस; आणि त्याखालीच सासूबाईंचे म्हणणेही लिहिलेस, की आम्ही नवव्या महिन्यापर्यंत कापूस वेचला, आम्हांला असले काही झाले नाही. त्यांच्या शब्दाचा अनादर करू नकोस, कारण कापूस त्यांनी वेचला हे खरेच आहे. मात्र काही झाले नाही हे म्हणणे, उमर प्रसूतिकक्षात घालविलेल्या माझ्यासारखीला, तितकेसे ग्राह्य वाटत नाही. यावल-रावेरकडच्या केळीच्या बागांतून आणि एरंडोल-पारोळ्याच्या शिवारांतून ज्या बाया आमच्याकडे येत, त्या तक्रार करीत नसत एवढेच. खाटेवर कूस बदलताना पदराचे टोक दातांत धरलेले मी पाहिलेले आहे. विचारले म्हणजे सगळे सांगत; पण विचारणारे सहसा कोणी नसे.

निदान डॉक्टरांनी हात लावून करावयाचे असते, हे मान्य करूनही तुझ्या तपशिलावरून मला जे दिसते ते सांगते. श्रोणी म्हणजे एक अखंड हाड नव्हे; मागे त्रिकास्थीच्या दोन्ही अंगांस दोन आणि पुढे जघनास्थीचा एक अशा सांध्यांनी ते कडे जुळलेले असते. गर्भारपणातील संप्रेरकांमुळे या सांध्यांना बांधून ठेवणारे अस्थिबंध सैलावतात, पोटाचा भार पुढे ओढतो, आणि एका बाजूचा सांधा दुसऱ्यापेक्षा कमीजास्त हलू लागला म्हणजे त्याला सावरण्याचा बोजा भोवतालच्या स्नायूंवर पडतो. पाच गर्भवतींपैकी सुमारे एकीला हे दुखणे होते. त्याने बाळाला अपाय होत नाही, आणि बहुतेकींचे ते बाळंतपणानंतर ओसरते. म्हणून भिऊ नकोस; पण ‘असायचेच’ म्हणून मुकाट सोसूही नकोस, कारण त्यावर इलाज आहे.

आणि हा इलाज, तुला वाटते तसा, रात्रीपासून सुरू होत नाही. रात्री जी वसुली होते ती दिवसाची थकबाकी असते. धुळ्याला तुमच्या आळीत नळाला पाणी येते त्या दिवशी हंडे नि टिपे भरण्याची जी धांदल उडते तिच्यात तू असतेस, थोरल्याला उजव्या कडेवर घेऊनच जिना चढतेस, आणि जावईबापूंच्या मोटारसायकलवर एका अंगाने बसून पतपेढीत जातेस, हे मला पत्रात न लिहिताही ठाऊक आहे. या तिन्ही गोष्टींत भार एका बाजूवर येतो किंवा कंबर पिळली जाते, आणि नेमके तेच या सांध्यांना सोसत नाही. तेव्हा पोराला उभ्याने उचलण्याऐवजी तू खाली बसावेस आणि त्याने मांडीवर यावे. परकर नेसताना एका पायावर उभी न राहता पलंगावर बसून नेसावेस. जिना एकेका पायरीवर दोन्ही पाय टेकवीत चढावास. भाकरी थापताना फार वेळ ओट्याशी उभे राहावे लागले तर मध्येच खुर्ची ओढून बसावेस. पाण्याचे हंडे घरातल्या पुरुषांनी भरावेत. त्यासाठी तुला स्वतः बोलायचे नसेल तर जावईबापूंना मी वेगळे लिहीन. याचा अर्थ अंथरुणाला खिळून राहावे असा नव्हे. दुखणार नाही इतके सावकाश चालणे हिताचे असते, आणि जमल्यास एखाद्या फिजिओथेरपिस्टकडून ओटीपोटाच्या तळाचे नि पाठीचे व्यायाम समजून घ्यावेत. कमरेचा पट्टाही त्यांच्याच सल्ल्याने बांधावा, दुकानातून अंदाजाने आणू नये.

आता रात्रीचे. तू निजतेस ती खोलगट झालेली बाज आधी बाहेर काढ; तिच्यात खुबा रुततो आणि वळायला जोर करावा लागतो. सुश्रुताने गर्भिणीचे अंथरूण मऊ, फार उंच नसलेले, टेकण्याची सोय असलेले आणि ऐसपैस असावे असे सांगून ठेवले आहे, आणि इतक्या शतकांनंतर त्यात मला फक्त एका उशीची भर घालावीशी वाटते. ती उशी दोन्ही गुडघ्यांच्या मध्ये अशी ठेवावी की घोट्यापर्यंत पुरेल, म्हणजे वरचा पाय पुढे ओघळून श्रोणीला पिळणार नाही. शिवाय एखादी जुनी सुती साडी घडी करून पोटाखाली सरकवावी. वैशाखातल्या उकाड्यात उशांची अडगळ नकोशी होते हे मी जाणते, पण फोमच्या उशीपेक्षा कापसाची बरी. वळताना गुडघे वाकवून उशीसकट एकमेकांस घट्ट दाबावेत आणि खांदे व कंबर एकदमच फिरवावेत. खरखरीत गोधडीपेक्षा गुळगुळीत चादर असली तर अंग सहज सरकते. उठताना आधी कुशीवर होऊन पाय खाली सोडावेत, आणि हाताच्या जोरावर बसते व्हावे.

कूस बदलायची तर उठून बसावे नि मग वळावे, नाहीतर बाळाला नाळेचा वेढा बसतो, असे तुला सांगण्यात आले असेल. वळल्याने वेढा बसत नाही. उलट रात्रीतून वारंवार उठून बसण्याने तुझेच सांधे दुखावतील. उताणे निजल्याने नाळ गळ्याभोवती गुंडाळते असे चरकाच्या शारीरस्थानातही आहे; कारण त्याने दिले ते आज टिकत नाही, निषेध मात्र टिकला. कण्याच्या उजव्या अंगाने हृदयाकडे रक्त नेणारी मोठी नीला उताणे निजल्यावर गर्भाशयाच्या भाराखाली दबते, म्हणून अठ्ठाविसाव्या आठवड्यापासून झोपी जाताना कुशीवरच असावे. डावी कूस चांगली म्हणतात, पण त्या हट्टापायी रात्रभर डाव्या खुब्याचा छळ करण्याचे प्रयोजन नाही. उजवीही चालते, आलटून पालटून निजावे. मध्येच जाग आली आणि उताणी आढळलीस तर घाबरू नकोस, कुशीवर हो आणि नीज.

कंबरेला नि खुब्याला फडक्यात गुंडाळलेल्या गरम पाण्याच्या पिशवीचा सोसेल इतका शेक चालेल, पोटाला नाही. आणि सुईणबाईला पोट चोळू देऊ नकोस. मेडिकलवाल्याने सहज काढून दिलेली ब्रुफेन वा डायक्लोफिनॅकची गोळी मुळीच घेऊ नये. विसाव्या आठवड्यानंतर अशा गोळ्यांनी बाळाच्या मूत्रपिंडांवर परिणाम होऊन गर्भजल कमी होऊ शकते, असा इशारा २०२० साली अमेरिकेच्या औषध-प्रशासनाने दिला. पॅरासिटामॉलसुद्धा डॉक्टरांना विचारूनच घे.

विश्रांती मागण्यात संकोच वाटतो, असे तू ओझरते लिहिले आहेस. पण ही मागणी काही नवी नव्हे. आपल्या खानदेशात जळगाव, धुळे, अमळनेर, चाळीसगाव येथे कापडगिरण्या होत्या. मुंबई इलाख्याने गिरणीत राबणाऱ्या स्त्रियांसाठी प्रसूतिलाभाचा कायदा १९२९ साली केला, आणि त्याआधी १९२८ मध्ये कायदेमंडळात बाबासाहेब आंबेडकरांनी आईला बाळंतपणापूर्वी विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे, असे प्रतिपादन केले होते. सासूबाईंच्या शेतावर तो कायदा कधी पोहोचला नाही, हा त्यांचा दोष नव्हे. तुझ्या पतपेढीत दहाहून अधिक माणसे आहेत, तेव्हा प्रसूतिलाभाच्या आजच्या कायद्याखाली तुला सव्वीस आठवड्यांची पगारी रजा मिळते, आणि त्यांपैकी आठ आठवडे प्रसूतीच्या अपेक्षित तारखेपूर्वी घेता येतात. रजेचा अर्ज आताच देऊन पोच घे.

रक्त जाणे, पाणी जाणे, ताप, लघवीला जळजळ, पोट थांबून थांबून ठरावीक अंतराने आवळणे, बाळाची हालचाल मंदावणे, डोके फार दुखून डोळ्यांपुढे अंधारी येणे, एकाच पोटरीला सूज येऊन ती दुखणे, यांतले काहीही झाले तर मात्र ते खुब्याचे दुखणे समजून उशा हलवीत बसू नकोस. १०८ ला फोन लाव आणि थेट दवाखाना गाठ, मग रात्रीचे कितीही वाजलेले असोत.

दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात सुरक्षित मातृत्व अभियानाची तपासणी मोफत असते. हिरे वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात जाशील तेव्हा हे दुखणे कागदावर नोंदवून घे. पाठीवर पडून गुडघे कितपत फाकवले म्हणजे कळ येते ते अंतर घरी एकदा क्षणभरच पाहून ठेव आणि प्रसूतीच्या वेळी परिचारिकेला आधी सांग, म्हणजे त्यापलीकडे पाय ओढले जाणार नाहीत आणि कुशीवर राहूनही कळा देता येतील.

शनिवारी तुझे काका एस.टी.ने धुळ्याला येत आहेत, त्यांच्याबरोबर लांब लोड पाठवते. पिंजाऱ्याकडून कापूस नव्याने पिंजून घेतला आहे. घोट्यापर्यंत पुरतो की नाही ते निजून पाहून उलट टपाली लिही, कमी पडला तर दुसरा भरते.

तुझी,
आत्या