चौकाचा वाडा आणि भिंतीवरील चित्रे

जुन्या वाड्याची डागडुजी बहुधा भिंतींना सफेदी देण्यापासून सुरू होते. हेतू चांगला असतो; परंतु सफेदीच्या एका हाताखाली दोनशे वर्षांपूर्वीची चित्रे नाहीशी होऊ शकतात.

चित्रांकित घरांसाठी राजस्थानातील शेखावाटी प्रसिद्ध आहे. नवलगड, मंडावा, फतेहपूर येथील व्यापाऱ्यांनी १९ व्या व २० व्या शतकाच्या आरंभीच्या काळात मुंबई-कलकत्त्याच्या व्यापारातील पैशातून हवेल्या बांधल्या आणि देवादिकांबरोबर आगगाडीही भिंतीवर रंगविली. बाहेरील चौक व्यवहाराचा आणि आतील चौक कुटुंबाचा, अशी तेथील विभागणी होती.

महाराष्ट्रात याच्याशी नाते सांगणारी चित्रे वाईजवळ मेणवली येथील नाना फडणवीसांच्या वाड्यात व चांदवडच्या होळकरांच्या रंगमहालात पाहावयास मिळतात. या वास्तू व्यापाऱ्यांच्या नसून कारभारी व सरदारांच्या; तथापि घडण चौकाचीच. मराठी वाड्यात देवडीतून चौकात, तेथून ओसरी-सोप्यावर व पुढे माजघरात जावयाचे, असा क्रम असतो. चौक घराला उजेड देतो, तापलेली हवा वर सोडतो आणि पागोळ्यांचे पाणी मोरीवाटे बाहेर नेतो. ही मोरी तुंबली की ओल पायातून भिंतीत चढते, तिच्याबरोबर आलेले क्षार पृष्ठभागावर फुलतात आणि रंगाचे पापुद्रे सुटतात.

शेखावाटीतील उत्तम भित्तिचित्रांत रंग ओल्या चुन्यात मुरलेला असतो. मराठा वाड्यांतील चित्रे मात्र सामान्यतः वाळलेल्या गिलाव्यावर काढलेली असल्याने रंग वरच्या वर राहतो. म्हणून ती ओल्या फडक्याने पुसणेदेखील घातक ठरते. सिमेंटचा गिलावाही टाळावा. चुन्याची भिंत ओल बाहेर टाकते, सिमेंट ती आत कोंडते.

ज्या वाड्यात शाळा वा कार्यालय भरते, तेथे पावसाळ्यापूर्वी कौले व मोरी तपासावी, चित्रांच्या भिंतीत खिळे ठोकू नयेत आणि दुरुस्तीपूर्वी पुरातत्त्व विभागाचा सल्ला घ्यावा. महत्त्वाच्या वास्तूंना संरक्षित स्मारकाचा दर्जा देण्याची तरतूद राज्याच्या १९६० च्या प्राचीन स्मारकविषयक अधिनियमात आहे. इतर वास्तूंचे रक्षण मुख्यत्वे गावावरच अवलंबून राहते. ठाणे, दिवा, कल्याण यांसारख्या वेगाने वाढलेल्या पट्ट्यातील शिक्षकांनी परिसरातील जुन्या घराचा आराखडा विद्यार्थ्यांकडून काढून घेतला, तरी ते घर पडल्यावर त्याची नोंद उरेल. आणि जेथे घर अजून उभे आहे, तेथे त्याच्या रक्षणाचे पहिले काम म्हणजे मोरी मोकळी ठेवणे होय.