फौज सुटली, कवायत सुटू नये

आपला भंडारा जिल्हा हा धानाचा आणि तळ्यांचा जिल्हा. तुमसर, मोहाडी, भंडारा, लाखनी, साकोली, लाखांदूर, पवनी असे त्याचे सात तालुके. इथली पोरे फौजेत जातात. कोणी पायदळात जातो, कोणी तोफखान्यात, कोणी गाड्या दुरुस्त करणाऱ्या पलटणीत. पोरगा भरती झाला की घरात पेढे वाटतात. पण तोच पोरगा नोकरी संपवून परत येतो, तेव्हा त्याच्या शरीराचे काय होते? त्याविषयी आपण फारसे बोलत नाही. या धड्यात तेच बोलू या.

फौजी म्हातारा होऊन घरी येत नाही, हे आधी ध्यानात घ्यावे. शिपायाला पेन्शनीसाठी किमान १५ वर्षे नोकरी करावी लागते. विसाव्या वर्षाच्या आत भरती झालेला जवान चाळिशीच्या आसपास घरी येतो. २०२२ साली सुरू झालेल्या अग्निपथ योजनेत तर नोकरी ४ वर्षांचीच. त्यांतले फार तर चौथाई जवान पुढे कायम होतात. बाकीचे पंचविशीच्या आतबाहेर गावी परततात. म्हणजे पुढे तीस, चाळीस, पन्नास वर्षांचे आयुष्य उरते. ते सारे याच शरीराने काढायचे असते.

पलटणीत शरीर कोण सांभाळत होते?

भरतीच्या दिवशीच जवानाची परीक्षा होते. १६०० मीटर, म्हणजे साधारण एक मैल, साडेपाच मिनिटांच्या सुमारास धावावे लागते. ९ फुटांचा खंदक उडी मारून ओलांडावा लागतो. दांड्याला लोंबकळून अंग वर ओढावे लागते. पुढे नोकरीतही सुट्टी नाही. पाठीवर सामान, हातात रायफल, आणि ५ किलोमीटरची दौड ठरलेल्या वेळात पुरी करायची. वर्षानुवर्षे हे चालते.

पण एक गोष्ट पाहा. पहाटे उठवणारा दुसराच असे. पी.टी.ला उभे करणारा उस्ताद दुसरा. लंगरात जेवण शिजवणारा दुसरा. वैद्यकीय तपासणीची तारीखही दुसऱ्यानेच लावलेली. फौजीने मेहनत केली, हे खरे. पण त्या मेहनतीचे वेळापत्रक त्याचे नव्हते. घरी आल्यावर मेहनत करणारा तोच असतो. वेळापत्रक मात्र पलटणीतच राहते. सारी अडचण इथे आहे. फौजी आळशी झाला, असे आम्ही म्हणणार नाही. त्याला उठवणारा बिगुल थांबला, एवढेच.

घरी आल्यावर काय होते?

समजा, एक हवालदार सतरा-अठरा वर्षांनी गावी आला. पहिल्या दिवशी तो सवयीने पाच वाजता उठला आणि रस्त्याने धावायला निघाला. पारावरचे लोक म्हणाले, "आता कायले धावता जी? लय धावले आजवर. आता आराम करा!"

त्याला ते पटले. चार दिवस आराम केला. चाराचे चाळीस झाले. आज या पाहुण्याकडे जेवण, उद्या त्या सोयऱ्याकडे. बाजारात जायचे तर मोटारसायकल. बांधीतली नांगरणी ट्रॅक्टरने, कापणी पुष्कळदा यंत्राने. मग एखाद्या बँकेत रखवालदाराची नोकरी लागली. रात्रभर खुर्चीवर बसणे आणि दिवसा अर्धवट झोप. पोट मात्र जुन्याच हिशेबाने अन्न मागत राहिले. पाच किलोमीटर धावणाऱ्याची भूक, आणि काम बसण्याचे!

ही बेरीज-वजाबाकी साधी आहे. जमा जास्त आणि खर्च कमी झाला की उरलेले अंगावर चरबी होऊन साठते. त्यात कॅन्टीनची बाटली आली की हिशेब आणखी बिघडतो. ६० मिलिलिटरच्या एका पेगातून साधारण एका पोळीपेक्षा जास्तच उष्णता पोटात जाते. ती पोळी ताटात दिसत नाही, म्हणून कोणी मोजत नाही. शिवाय आपल्याकडचा खर्रा. वेळ जात नाही म्हणून तोंडात जातो, आणि मग तोंडातून सुटत नाही. खर्ऱ्यातल्या तंबाखूने तोंडाचा कर्करोग होतो. हृदयालाही ती वाईट.

दम तर फारच लवकर जातो. दोन-तीन आठवडे बसून काढले की तो उतरू लागतो. दोन वर्षांनी हाच हवालदार तळ्याची पाळ चढताना थांबतो. बायको विचारते, "काहून थांबले जी?" तो म्हणतो, "काही नाही." पण काही तरी असते. रक्तदाब आणि साखर वाढताना पुष्कळदा दुखत नाही. म्हणूनच फसगत होते. एखादा मजबूत दिसणारा फौजी पन्नाशीच्या आत छाती धरून बसतो, आणि पेन्शन बायकोच्या नावावर होते. हे टाळता येण्याजोगे आहे.

आधी तपासणी, मग दौड

पुष्कळ फौजी एक दिवस मनावर घेतात. जुने बूट काढतात आणि थेट जुन्या वेळात धावायला जातात. मन पंचविशीचे, गुडघे पंचेचाळिशीचे! तिसऱ्या दिवशी गुडघा सुजतो आणि बूट पुन्हा माळ्यावर जातात. कधी याहून वाईट घडते. म्हणून आधी तपासणी करावी. तीन आकडे माहीत हवेत.

पहिला आकडा कमरेचा. बेंबीच्या पातळीवर फीत लावून मोजावे. फीत नसेल तर सुतळीने मोजून शिंप्याकडे न्यावी. आपल्याकडच्या पुरुषाची कंबर ९० सेंटिमीटरच्या, म्हणजे सुमारे साडेपस्तीस इंचांच्या आत असावी. बाईची ८० सेंटिमीटरच्या आत असावी.

दुसरा आकडा रक्तदाबाचा. तो पुन्हा पुन्हा १४० वर ९० किंवा त्याहून जास्त निघाला, तर डॉक्टरकडे जायलाच हवे.

तिसरा आकडा साखरेचा. सकाळी उपाशीपोटी १०० च्या आत असली तर ठीक. १०० ते १२५ म्हणजे धोक्याची सूचना. १२६ किंवा त्याहून जास्त दोनदा आली तर मधुमेह समजतात.

या तपासण्या प्राथमिक आरोग्य केंद्रात होतात. माजी सैनिकांसाठी २००३ सालापासून ईसीएचएस नावाची आरोग्य योजनाही आहे. कार्ड असेल तर ते कपाटात ठेवू नये, वापरावे. जवळचा दवाखाना कोणता, हे जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात विचारावे.

चालताना किंवा धावताना छातीत दाब आला, डावा हात किंवा जबडा दुखू लागला, दरदरून घाम सुटला, तर तिथेच थांबावे. १०८ या क्रमांकावर फोन करून गाडी बोलवावी. "फौजी आहो, सहन करतो," असे इथे म्हणू नये.

सुरुवात चालण्याने

पहिल्या आठवड्यात रोज १५ मिनिटे चालावे. दुसऱ्या आठवड्यात २० मिनिटे, तिसऱ्यात २५, चौथ्यात ३०. आठवड्यातून ५ दिवस तरी चालावे. ३० मिनिटे गुणिले ५ म्हणजे १५० मिनिटे. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला आठवड्याला निदान एवढे चालणे किंवा तेवढ्याच मेहनतीचे काम करायला सांगते. ३०० मिनिटे झाली तर अधिक चांगले.

चाल किती असावी? सोबत्याशी बोलता यावे, पण गाणे म्हणता येऊ नये. एवढी चाल बरोबर.

दुसऱ्या महिन्यात ४ मिनिटे चालावे आणि १ मिनिट हळू धावावे. असे सहा वेळा केले की अर्धा तास होतो. मग दर आठवड्याला धावणे थोडे वाढवावे, चालणे थोडे कमी करावे. गुडघा दुखला तर एक पायरी मागे यावे. मागे येणे म्हणजे हार नव्हे. वजन जास्त असेल तर आधी ते उतरू द्यावे. एक किलो वजन उतरले की चालताना दर पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी हलका होतो.

आठवड्यातून दोन दिवस जोर आणि बैठका कराव्यात. आठ-दहांपासून सुरुवात पुरे. जमिनीवर जोर जमत नसतील तर भिंतीला हात टेकून काढावेत.

कोणी म्हणेल, "आमी शेतात राबतो, अजून कायची कवायत?" खरे आहे. चिखलात वाकून केलेली रोवणी ही मोठी मेहनत आहे. पण रोवणी काही दिवसांची आणि कापणीही काही दिवसांची. मधले महिने शरीर बसून असते. त्या महिन्यांसाठी हे चालणे आहे.

आपल्या जिल्ह्यात दोन गोष्टी सांभाळाव्यात. मे महिन्यात पारा ४४-४५ अंशांपर्यंत चढतो. तेव्हा ऊन तापायच्या आत चालून घरी यावे. पण नागझिरा किंवा कोका जंगलाच्या कडेला गाव असेल, तर अंधारात एकट्याने जाऊ नये. मोहफुलांच्या दिवसांत अस्वलेही फिरतात. नीट उजाडू द्यावे, सोबत घ्यावी, आणि गावाच्या बाजूचा रस्ता धरावा.

भात सोडू नका, ताट बदला

आपण भाताचे लोक. भात सोडा म्हटले तर चार दिवस सोडू, पाचव्या दिवशी दुप्पट खाऊ. त्यापेक्षा ताटाचे दोन भाग करावेत. अर्ध्या भागात भाजी आणि हिरवा पाला. उरलेल्या अर्ध्यात भात किंवा पोळी, आणि तेवढेच घट्ट वरण, मासा किंवा अंडे. तळ्यातला मासा उत्तमच, पण रश्श्यावर तेलाचा थर नको. भात एकदाच वाढून घ्यावा.

इथे घरच्या बाईचे काम मोठे आहे. "इतकी वर्षे लंगरचे खाल्ले, आता पोटभर खा," असे म्हणून ती मायेने वाढते. ती माया आम्हाला कळते. पण तिसऱ्यांदा भात वाढण्यापेक्षा जेवणानंतर त्याच्यासोबत तळ्यापर्यंत चालत जाणे, ही माया जास्त दिवस टिकते. त्या चालण्याचा तिलाही फायदा होतो.

जुने शरीर की आजचे शरीर?

काही फौजी म्हणतील, "मला तर लढाईत गोळी लागली," किंवा "माझा पायच अधू आहे." त्यांच्यासाठी मुरलीकांत पेटकर यांची हकीकत सांगतो.

पेटकर सांगली जिल्ह्यातले. फौजेत ते ईएमई या पलटणीत होते आणि नावाजलेले मुष्टियोद्धे होते. १९६५ च्या युद्धात त्यांना अनेक गोळ्या लागल्या. एक पाठीच्या कण्यात शिरली. कमरेखालचे अंग लुळे पडले. मुष्टियुद्ध कायमचे संपले. मग उपचार म्हणून ते पाण्यात उतरले, आणि हातांच्या बळावर पोहू लागले. १९७२ साली पश्चिम जर्मनीत हायडेलबर्ग येथे अपंग खेळाडूंची जागतिक स्पर्धा, म्हणजे पॅरालिम्पिक, भरली. तिथे ५० मीटर पोहण्याच्या शर्यतीत त्यांनी ३७.३३ सेकंदांत सुवर्णपदक जिंकले. पॅरालिम्पिकमधले ते भारताचे पहिले सुवर्णपदक. २०१८ साली सरकारने त्यांना पद्मश्री दिली.

त्यांना जुने शरीर परत मिळाले नाही. उरलेल्या शरीराला त्यांनी कवायत दिली. आम्हाला या धड्यात सांगायचे ते हेच. पंचविशीतली दौड परत आणण्याचा हट्ट नको. आज जे शरीर आहे, त्याला रोजचे वेळापत्रक द्यावे, आणि ते आपले आपण लावावे.

सोबत हवी

पलटणीत फौजी कधी एकटा धावला नाही. गावी तो एकटा पडतो, आणि एकट्याचे मन लवकर मोडते. रात्री झोप येत नसेल, सारखा राग येत असेल, कशातच मन लागत नसेल, तर तेही डॉक्टरला सांगावे. त्यात कमीपणा नाही.

सोबत शोधायला दूर जायला नको. गावातली पोरे पहाटे भरतीसाठी धावतच असतात. त्यांना शिकवणारा हवा असतो. फौजीने त्यांच्यासोबत मैदानावर यावे. पोरे धावतील, तो चालेल. पोरांना उस्ताद मिळेल आणि फौजीला पलटण मिळेल.

वहीत करा

१. एका पानावर चार रकाने आखा: तारीख, किती मिनिटे चाललो, कंबर, रक्तदाब. मिनिटे रोज लिहा. कंबर महिन्यातून एकदा लिहा. रक्तदाब मोजला की लिहा.

२. हिशेब करा: रोज २५ मिनिटे, आठवड्यातून ६ दिवस चालले, तर एकूण किती मिनिटे झाली?

३. घरातला फौजी लिहायला टाळाटाळ करत असेल, तर तुम्ही लिहा. तुम्हाला आता आकडे लिहिता येतात. महिनाअखेर ते पान त्याच्यासमोर मोठ्याने वाचा.