चौकोन दिसले म्हणजे मजकूर गेला असं नाही

शंका (पंचवटी, नाशिक) : तीर्थोपाध्यायांकडच्या नामावळीतल्या पूर्वजांच्या नोंदी मी संगणकावर मोडीतच टाइप केल्या. पुतण्याला पाठवल्या तर त्याच्या मोबाइलवर नुसते चौकोन! मेहनत वाया गेली का?

समाधान : नाही. पुतण्याच्या मोबाइलमध्ये मोडीचा फॉन्ट नाही, एवढंच त्या चौकोनांचं म्हणणं. २०१४ साली युनिकोडच्या ७.० आवृत्तीत मोडीच्या अक्षरांना स्वतंत्र क्रमांक मिळाले. आपण त्याच क्रमांकांत टाइप केलं असेल तर मजकूर शाबूत आहे. सातबाऱ्याचा उतारा फाटला म्हणून गट नंबर बदलत नाही, तसंच हे. ‘नोटो सान्स मोडी’ हा फॉन्ट मोफत मिळतो. ती खटपट नको असेल तर पीडीएफ करून पाठवा, त्यात फॉन्ट सोबत जातो. मूळ फाइल मात्र जपा.

खरी अडचण वेगळीच असते. यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीचं अक्षर तीन बाइट घेतं, मोडीचं चार. काही जुन्या संकेतस्थळांच्या डेटाबेसमध्ये तीनच बाइटांची सोय असते. तिथे मोडी मजकूर मध्येच तुटतो किंवा नाकारला जातो. म्हणून आधी हसऱ्या चेहऱ्याची इमोजी टाकून, जतन करून पाहा. तीही चार बाइटांचीच. ती टिकली तर मोडीही टिकेल.

शंका (गडचिरोलीहून बदलून नाशिकला आलेले शिक्षक) : युनिकोडमध्ये गोंडीच्या दोन लिप्या का? एकच का ठेवली नाही? मुलांना कोणती शिकवावी?

समाधान : कारण त्या खरोखरच दोन आहेत. एक बालाघाट जिल्ह्यातले मुन्शी मंगलसिंह मसराम यांनी १९१८ साली घडवलेली. ती २०१७ साली युनिकोडमध्ये आली. दुसरी तेलंगणातल्या गुंजाला गावी सापडलेल्या हस्तलिखितांमुळे पुढे आली. तिला २०१८ साली जागा मिळाली. शिवकालीन आणि पेशवेकालीन मोडी ही एकाच लिपीची वळणं, म्हणून त्यांना क्रमांकांचा एकच संच पुरतो, फरक फॉन्टने दाखवायचा. मसराम आणि गुंजाला यांचं तसं नाही. अक्षरांचे आकार एकमेकांतून आलेले नाहीत आणि मांडणीही वेगळी. मसराम गोंडीत रफार आणि रकार यांना स्वतंत्र क्रमांक आहेत. देवनागरीत आपण दोन्ही र आणि हलन्त यांतूनच साधतो. मसराम गोंडीत क्ष, ज्ञ, त्र हीसुद्धा जोडाक्षरं नव्हेत, एकेक अक्षरं आहेत.

त्यामुळे देवनागरीच्या कळांवर गोंडी आकार चिकटवलेला फॉन्ट कुणी दिला तर घेऊ नका. पडद्यावर गोंडी दिसेल, पण संगणकाच्या लेखी तो देवनागरी मजकूर राहील आणि फॉन्ट बदलताच उघडा पडेल.

कोणती शिकवावी, हे युनिकोड सांगत नाही. तो निर्णय गोंडी बोलणाऱ्यांचा, आणि देवनागरीत गोंडी लिहिणंही त्यात आलंच. अक्षर राहून गेलं असेल तर मागताही येतं. कॅनडातल्या नात्तिलिक इन्युइटांच्या लिपीतली काही अक्षरं युनिकोडमध्ये नव्हती; त्यांच्या भाषेच्या जाणकारांनी फॉन्टकारांबरोबर काम केलं आणि २०२१ साली ती आली. आपल्याकडे असा पाठपुरावा समाजाने करावा, सरकारी पत्राची वाट पाहू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

शंका (सिन्नर, मुद्रितशोधक) : फाइलमध्ये ‘ॲप’ शोधलं तर निम्मेच सापडतात. असं का?

समाधान : ‘ॲ’ला एकसंध क्रमांक २००८ साली मिळाला. त्याआधी लोक ‘अ’वर चंद्र चढवत, अजूनही अनेक जण चढवतात. डोळ्यांना दोन्ही सारखे, संगणकाला निराळे. जुनी जोडी शोधून सगळीकडे एकसंध ‘ॲ’ घाला. ‘दऱ्या’, ‘सुऱ्या’ यांतला र सुद्धा दोन प्रकारे टाइप होतो, तोही याच फेरीत तपासा.

पुढच्या वेळी शंका पाठवताना स्क्रीनशॉटसोबत मूळ मजकूरही ईमेलमध्ये चिकटवा. चित्रावरून क्रमांक कळत नाहीत.