पहिली गोधडी

चि. मुक्ता हिस,


गोधडी शिकायची म्हणतेस आणि सुरुवातच डबलबेडच्या मापाने! तो बेत सोड. ताईचं बाळ थंडीत येणार, त्याच्यापुरती शीव. दोन हात लांब, दोन हात रुंद, बास.

दुकानातले कापलेले चौकोन आणू नकोस. नवं कापड पहिल्या धुण्यात आटतं. एक तुकडा आटला, शेजारचा नाही, की चुण्या पडल्याच. माळ्यावर आजीची सुती लुगडी आहेत. एका नऊवारीत आठ मीटरहून जास्त कापड, त्यात अस्तर आणि मधले थर आरामात निघतात. आईला आजच सांगून ठेव, नाहीतर दिवाळीच्या आवराआवरीत ती बोहारणीला देऊन पातेलं घेईल! जरीचा काठ असेल तर उसवून काढ, बाळाला टोचतो. टेरिकॉट कितीही रंगीत असो, नको. ताईच्या सासरचंही एखादं जुनं पातळ मागव. सासूबाईंना बरं वाटेल.

अस्तर फरशीवर ताणून अंथर, कोपऱ्यांवर पाट-वरवंटा ठेव. मधले दोन थर चारही बाजूंनी बोटभर लहान काप, म्हणजे दुमडलेली कड जाड होत नाही. कच्चे टाके घालून थर धरून ठेव. मग एका कोपऱ्यापासून ठिगळं लावत चल, प्रत्येकाची कड आत दुमडून. टाका साधा धावदोऱ्याचा. कडेकडेने एक फेरा, त्याच्या आत बोटभर अंतरावर दुसरा, असं मध्यापर्यंत यायचं. सुई सगळ्या थरांतून गेली पाहिजे, नाहीतर धुतल्यावर आतलं कापड गोळा होतं. टाके वाकडे आले तर येऊ देत, उसवत बसू नकोस.

मशीनवर शिवणाऱ्या मध्यापासून कडेला जायला सांगतात. त्यांचंही बरोबर, सैल कापड बाहेर सरकतं. पण आपण ठिगळ आयत्या वेळी बसवतो, त्यामुळे सैलपणा पुढच्या ठिगळात जिरवता येतो.

हल्याळ-यल्लापूरकडच्या सिद्दी बायकांची कवंदी, म्हणजे त्यांची गोधडीही अशीच कडेकडून आत येते. त्यांच्यातल्या अनेकांचे पूर्वज पोर्तुगीजांनी आफ्रिकेतून गुलाम म्हणून गोव्यात आणलेले; तिथून निसटून ते घाटावरच्या रानात गेले. कोंकणी अजून त्यांच्या घरात आहे. कवंदीच्या कोपऱ्यांना त्या तिकोनी घड्यांची फुलं लावतात. फुलांशिवाय ती उघडी वाटते म्हणे. मधलं शेवटचं ठिगळ बंद करण्याआधी काहीजणी आत तांदळाचे चार दाणे घालतात, कवंदीचं पोट भरावं म्हणून. मला ही रीत फार आवडते. पण बाळाचं पांघरूण रोज धुवायचं, त्यात दाणे नकोत. फुलं मात्र जरूर लाव, घट्ट शिवून.

लांब सुया पाठवते आहे. दोरा हातभरच ओव; जास्त घेतलास तर गुंता सोडवण्यातच दुपार जाईल.

तुझी,
आत्या